हिशेबाची वही : पृथ्वीला फेरी, मोटारसायकलवरून



"सर, मोटारसायकलवरून पृथ्वीला एक चक्कर मारायला किती पैसे लागतील?" आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न आला अन् सगळा वर्ग हसला. मी मात्र खडू उचलला. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हताच मुळी. तुम्हीही वही-पेन्सिल घ्या बरं.

विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर आहे ४०,०७५ किलोमीटर. गाडी लिटरला ४० किलोमीटर जाते असं धरू. म्हणजे साधारण १,००२ लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर झाले १,०५,२१० रुपये. बस, एवढंच? मग काय, एमएच २८ ची आपली बुलढाण्याची गाडी काढायची, टाकी भरायची आणि सुटायचं!

थांबा. विषुववृत्तावर बराचसा समुद्रच आहे, आणि रस्ते काही पट्टीने आखलेले नसतात. टेड सायमन नावाचे एक इंग्रज गृहस्थ १९७३ ते १९७७ अशी चार वर्षं मोटारसायकलवर जग फिरले, तेव्हा त्यांचं अंतर लाखभर किलोमीटर झालं. अलीकडचं उदाहरण पाहा. योगेश आलेकरी हे मे २०२५ मध्ये मुंबईहून मोटारसायकलवर निघाले. इंग्लंडला पोचेपर्यंतच १७ देश आणि सुमारे २४,००० किलोमीटर झाले होते. आणि ही काही पूर्ण फेरी नव्हे.

तरीही पेट्रोल हा मोठा खर्च नाहीच. मोठा खर्च असतो दिवसांचा. गाडी उभी असली तर पेट्रोल लागत नाही, पण पोटाला लागतं आणि रात्री अंग टाकायला जागाही लागते. रोजचे २,००० रुपये धरा. ३६५ दिवसांचे किती? ७,३०,००० रुपये. मघाच्या पेट्रोलच्या जवळजवळ सातपट! युरोपात तर २,००० रुपयांत एका दिवसाचं भागणंही कठीण. म्हणून जाणते प्रवासी तंबू आणि छोटा स्टोव्ह सोबत घेतात. स्वस्त देशांत मुक्काम लांबवतात, महाग देशांतून लवकर निघतात.

आता कागदांकडे या. युरोपातल्या २९ देशांना मिळून शेंगेन नावाचा एकच व्हिसा चालतो. त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. तो मिळाला तरी १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर तिथे राहता येत नाही. चीनमधून परदेशी गाडी न्यायची तर सोबत तिथला वाटाड्या घ्यावाच लागतो. त्याचा रोजचा खर्च एकट्याला झेपत नाही, म्हणून तीन-चार स्वार एकत्र येऊन तो वाटून घेतात. भागाकार कुठे उपयोगी पडतो, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

इराण, इजिप्त अशा देशांसाठी गाडीचाही एक पासपोर्ट लागतो. त्याचं नाव कार्नेट. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तो देते. गाडी देशात आली की एक शिक्का, बाहेर पडली की दुसरा. ती तिथेच विकून कर बुडवू नये म्हणून आधी अनामत घेतात. ही रक्कम गाडीच्या किमतीइतकी, काही देशांसाठी त्याहूनही जास्त असू शकते. सगळे शिक्के नीट असले की ती परत मिळते. गॅस सिलिंडरच्या अनामतीसारखंच हे. खर्च झालेली नसते, पण वर्षभर हाताशीही नसते. नवखे लोक नेमके हेच पैसे मोजायचे विसरतात.

मग येतो समुद्र. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये सुमारे १०० किलोमीटरचं दाट जंगल आहे. त्यातून रस्ताच नाही. गाडी खोक्यात घालून जहाजाने किंवा विमानाने न्यावी लागते. जहाजाचं भाडं बहुधा खोक्याच्या घनफळावर ठरतं. समजा खोकं २.२ मीटर लांब, १ मीटर रुंद, १.२ मीटर उंच आहे. घनफळ २.६४ घनमीटर. आता पुढचं चाक आणि हँडल काढून खोकं १.८ × ०.८ × १ मीटर केलं. किती झालं? १.४४ घनमीटर! दोन पाने हातात घेऊन तासभर घाम गाळला की भाडं जवळजवळ निम्म्यावर.

आणि आता अंदाजपत्रकातली शेवटची ओळ, अडीअडचणीची. २८ ऑगस्ट २०२५ रोजी नॉटिंगहॅम शहरातल्या वोलाटन पार्कमधून आलेकरींची मोटारसायकल चोरीला गेली. गाडीबरोबर सामान आणि पासपोर्टही गेला. परक्या मुलुखात माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी उभा! पुढे मॅन्सफील्डच्या एका दुकानदाराने त्यांना तसलीच दुसरी गाडी दिली. त्या भल्या माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण "कुणीतरी मदत करील" अशी रक्कम वहीत मांडता येत नाही ना! म्हणून परतीच्या विमानाचे पैसे वेगळे ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. रोकड दोन ठिकाणी ठेवायची. कागदांच्या नकला घरी आईजवळ द्यायच्या.

आपल्याकडे पेरणीचा खर्डा करताना जाणता शेतकरी दुबार पेरणीचेही पैसे बाजूला काढतो. काढता आले तर! कित्येक घरांत तेवढं उरतच नाही, आणि पाऊस लांबला की काय होतं हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. आज घरी बाबांना विचारा, यंदाच्या खर्ड्यात ती ओळ आहे का? पालकांनो, मुलांनी विचारलं तर "तुला काय करायचंय?" म्हणू नका. आकडे खरे सांगा, चौथीच्या पोरालाही ते कळतात.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. १९९३ पासून आपला १ रुपया म्हणजे नेपाळचे १.६० रुपये, असा दर ठरलेला आहे. एक स्वार नेपाळात १२ दिवस राहिला आणि रोज २,४०० नेपाळी रुपये खर्चले. आपल्या रुपयांत त्याचा एकूण खर्च किती? रीतीसकट सोडवा. उत्तर पुढच्या अंकात.