झाकण उघडणारे यंत्र

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पोटात काय आहे याची उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, रोज वापरायची वस्तू उघडून पाहता यावी की नाही, हा केवळ तंत्रज्ञांचा नव्हे, शिक्षणाचा प्रश्न आहे.

१९७७ साली अमेरिकेत निघालेला 'ॲपल टू' हा घरगुती संगणक घ्या. त्याचे झाकण नुसत्या हाताने उचलता येई. आत ८ खाचा होत्या. एका खाचेत कार्ड बसवले की यंत्र फ्लॉपी वाची, दुसरीत बसवले की छपाई करी. जॉब्स यांना दोनच खाचा पुरेशा वाटत होत्या. वॉझनिॲक यांनी आठांचा आग्रह सोडला नाही. त्याचे रंग अमेरिकेच्या दूरचित्रवाणी पद्धतीवर बेतलेले होते. युरोपात 'पाल' पद्धत असल्याने तिकडच्या यंत्रात रंगीत चित्रासाठी निराळे कार्ड बसवावे लागे. साहजिकच, बसवणाऱ्याला रंग कुठून येतो हेही उमगे.

आपल्या देशात १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले, तेही 'पाल' पद्धतीनेच. पुढे १९८४-८५ मध्ये 'क्लास' योजनेत सुमारे २५० शाळांत 'बीबीसी मायक्रो' संगणक गेले. स्मृती अवघी ३२ किलोबाइट! पण आत चिपांसाठी मोकळ्या बैठका होत्या आणि मागे घरचा टीव्ही, साधा मॉनिटर व रंगीत मॉनिटर यांसाठी तीन वेगळ्या जोडण्या होत्या. यंत्र वापरणाऱ्याबरोबर वाढत असे.

आजचा मोबाइल मात्र डिंकाने बंद. बहुतेकांची स्मृती डाग देऊन पक्की केलेली. बिघडला की आमच्या बोदवडच्या पोरालाही एकच सल्ला मिळतो, "नवा घ्या." आमच्या आज्यांनी जाते बोथट झाले म्हणून कधी फेकले नाही, टाकी लावून घेतली आणि पुन्हा दळले.

बंद यंत्र पातळ होते, पाण्याधुळीपासून जपले जाते, हे मला मान्य आहे. उघडण्यातही विवेक हवाच. कार्ड बसवताना वीज बंद असावी, आणि जुन्या काचेच्या मॉनिटरच्या पोटात तर वीज बंद केल्यावरही जीवघेणा दाब उरतो, तिथे जाणकाराखेरीज कोणी हात घालू नये. परंतु धोका आहे म्हणून अज्ञानच बरे, असे आपण विहिरीबद्दल म्हणत नाही, पोहायला शिकवतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. ते चांगलेच झाले. पण हक्क कागदावर मिळून भागत नाही, हाताला सवय हवी. म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे: भंगारात जाणारा एखादा संगणक वाचनालयात झाकण काढून ठेवा, आणि कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यात एक तरी कार्ड स्वतःच्या हाताने बसवू द्या. पुस्तक आपण उघडूनच वाचतो ना?