मळीतला पालाश मातीत परतलाच पाहिजे

कळीच्या खनिजांचा विषय निघाला की लिथियम, कोबाल्ट आणि विजेवरच्या गाड्या एवढीच चर्चा होते. बार्शीच्या शेतकऱ्याला त्यातून वगळले जाते. हे चूक आहे. केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या ३० कळीच्या खनिजांत पोटॅश म्हणजे पालाश आणि फॉस्फरसही आहेत. गोरमाळ्याच्या सीताफळात आणि तालुक्यातल्या द्राक्षांत गोडी भरायला पालाश लागतो, आणि तो देणारे एमओपी (म्युरेट ऑफ पोटॅश) खत जवळजवळ सगळे परदेशातून येते.

‘स्वस्त मिळेल तिथून घ्यावे’ असे काही जण म्हणतात. रशिया आणि बेलारूस हे मोठे पुरवठादार २०२२ साली युद्ध आणि निर्बंधांच्या कचाट्यात सापडले, तेव्हा ५० किलोची गोणी १,७०० रुपयांवर गेली. स्वस्ताईचा भरवसा एका हंगामात संपला.

‘आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुबलक आहे’ हा दुसरा आक्षेप. तो अर्धाच खरा आहे. ऊस दरवर्षी भरपूर पालाश उचलतो. तो रसातून मळीत, मळीतून आसवनीच्या सांडपाण्यात जातो. हे सांडपाणी आटवून बॉयलरमध्ये जाळले की पालाशयुक्त राख उरते. तिचे दाणेदार खत म्हणजे पीडीएम (पोटॅश डिराइव्हड फ्रॉम मोलॅसिस). आपला सोलापूर तर साखर कारखान्यांचा जिल्हा. आपल्याच शिवारातून गेलेला पालाश या राखेत आहे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: पीडीएममध्ये पालाश १४.५ टक्के, एमओपीत ६० टक्के. म्हणजे चौपट माल वाहावा लागतो. पण म्हणूनच हे खत कारखान्याच्या आसपासच वापरले पाहिजे. देशात १० ते १२ लाख टन पीडीएम तयार होऊ शकते, असे सरकारच सांगते. ते अडीच लाख टन एमओपीच्या तोडीचे आहे. त्याने आयात थांबणार नाही. पण अडचणीच्या हंगामात बागा वाचतील.

जानेवारी २०२४ मध्ये पीडीएमचा कारखान्यांसाठीचा दर टनाला ४,२६३ रुपये ठरला. ३४५ रुपये अनुदानही होते. एवढ्यावर थांबू नये. जिल्ह्यांतर्गत वाहतुकीला मदत द्या, प्रत्येक गोणीवर तपासलेले पालाशाचे प्रमाण छापा आणि माती परीक्षणाच्या अहवालात पीडीएमची मात्राही लिहा. खाणी शोधायला वर्षे लागतील. राख आज हाताशी आहे. तिच्यावर पहिला हक्क ऊस पिकवणाऱ्या जमिनीचा आहे.