सोन्याचा मुलामा नको, गिगाबिट सांगा

एचडीएमआय केबलच्या नावाखाली ग्राहकाची जी लूट चालते, तिला लूटच म्हटलं पाहिजे. लाखाचा टीव्ही घेतलात, आता केबलसाठी कशाला हात आखडता, असं म्हणत विक्रेता सोन्याचा मुलामा दिलेली जाडजूड केबल पुढे करतो. ‘रंग उठून दिसतील, साहेब!’ हे धादांत खोटं आहे. या केबलमधून डिजिटल सिग्नल जातो. तो नीट पोचला, तर स्वस्त आणि महाग केबलच्या चित्रात काडीचाही फरक नसतो. नाही पोचला, तर पडद्यावर ठिपके चमकतात, आवाज तुटतो किंवा चित्रच जातं. मुलाम्यामुळे टोकं गंजत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग.

पाहायची ती क्षमता. २०१३ च्या एचडीएमआय २.० मध्ये ती सेकंदाला १८ गिगाबिट होती, २०१७ च्या २.१ मध्ये ४८ झाली. चित्रपट आणि मालिका पाहणाऱ्याला १८ गिगाबिटची ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल पुरते. ४के चित्र १२० हर्ट्झने हवं असलेल्या गेमवाल्याने ‘अल्ट्रा हाय स्पीड’ घ्यावी. खऱ्या केबलच्या खोक्यावर फोनने स्कॅन करता येणारं प्रमाणपत्राचं लेबल असतं. ते तपासा. नुसतं ‘२.१ केबल’ छापलेलं असेल तर खाली ठेवा, कारण आवृत्तीचा आकडा केबलला लावायचाच नसतो.

पण दुकानदाराला तरी किती बोलणार? नियम करणाऱ्यांनीच घोळ घातला. २.० ही वेगळी आवृत्ती आता उरली नाही, असं परवाना देणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. जुन्याच क्षमतेच्या टीव्हीवरही आता ‘२.१’ लिहिता येतं. ४८ गिगाबिट, १२० हर्ट्झ, सगळं ऐच्छिक! ही ग्राहकाची राजरोस फसवणूक आहे. टीव्हीच्या मागे बॅटरी मारून बघा: चार पोर्टांपैकी एखाददुसऱ्याशेजारीच बारीक अक्षरांत ‘४के १२०’ लिहिलेलं सापडतं. कित्येकदा त्यातल्याच एकावर ‘ई-आर्क’ असतं, म्हणजे साउंडबारही तिथेच लावायचा. प्लेअर आणि टीव्हीच्या मध्ये एचडीसीपी २.२ ही नक्कल रोखणारी प्रणाली नसलेला जुना रिसीव्हर असेल, तर नव्या प्लेअरचं ४के चित्र टीव्हीपर्यंत पोचतच नाही. खरेदीच्या वेळी यातलं अवाक्षरही कोणी काढत नाही.

सर्वांत संताप येतो तो सेट-टॉप बॉक्सचा. स्टार प्रवाह एचडी, झी मराठी एचडीचे पैसे दरमहा भरणाऱ्या घरांतही बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी वायर जोडलेली मी पाहिली आहे. पिवळ्या वायरीतून फार तर ५७६ रेषांचं चित्र येतं, पैसे मात्र १०८० चे जातात. जोडणारा माणूस जोडून निघून जातो, घरच्यांना कोणी काही सांगत नाही.

कंपन्यांनी प्रत्येक पोर्टची क्षमता गिगाबिटमध्ये खोक्यावर ठळक छापलीच पाहिजे, आणि तसा सरकारी नियमच हवा. तोवर तुम्ही आजच बॉक्सच्या मागे हात घाला. पिवळी वायर लागली तर ती काढा आणि साधी, प्रमाणित एचडीएमआय केबल लावा.