‘पारंपरिक’ म्हणजे बेवारस नव्हे

कॅनडातल्या क्री आदिवासींच्या अंगाईगीतांबद्दल जरा स्पष्टच लिहितोय.

क्री लोक दोन दोर बांधतात, त्यावर ब्लँकेट गुंडाळतात आणि बाळाचा झोपाळा करतात. आपली झोळीच म्हणा ना. त्याला वेवेपिसन म्हणतात. बाळ झोपवताना आई-आजी जे गुणगुणतात, ते आता चार आवाजांत बसवून कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, गायलं जातं. छान वाटतं ऐकायला. पण अशा गाण्यांच्या स्वरलिपीवर अनेकदा काय छापतात? ‘पारंपरिक क्री गीत’. आणि शेजारी संयोजकाचं पूर्ण नाव.

मी पत्रकार आहे, बायलाइनसाठी भांडणाऱ्या जमातीतला. म्हणून विचारतो, हे गाणं दिलं कुणी? कुठल्या वस्तीतल्या, कुठल्या आजीनं? कायद्याच्या लेखी जुनं, निनावी गाणं सगळ्यांचं. त्याच्या नव्या मांडणीचा कॉपीराइट मात्र संयोजकाचा. म्हणजे रॉयल्टी त्याला, आजीला टाळ्यासुद्धा नाहीत.

‘अहो, संस्कृती जपली जातेय, तक्रार कसली?’ असं म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. कॅनडात सुमारे १,५०,००० आदिवासी मुलं निवासी शाळांत घातली गेली. आईची भाषा बोलली की शिक्षा. शेवटच्या शाळा बंद झाल्या त्या १९९० च्या दशकात, म्हणजे कालपरवाच. बहुतेक शाळा चर्च चालवत होती. अंगाई तुटली ती अशी. आणि कॉयरही त्याच चर्चच्या परंपरेतून आलेलं! मग विचारून घ्यायची जबाबदारी कुणाची?

माझा विरोध कॉयरला नाही. अँड्र्यू बालफोर हे क्री संगीतकार. लहानपणीच घरच्यांपासून तोडले गेले, चर्चच्या कॉयरमध्ये गाऊन मोठे झाले. ‘नगामो’ या कामात त्यांनी जुन्या इंग्रजी चर्चसंगीतावर क्री आणि ओजिब्वे शब्द बसवले. तिथे काय घ्यायचं, काय बदलायचं, हे क्री माणूस ठरवतो. फरक आहे तो इथेच.

बाकीच्यांनी एवढंच करावं. आधी विचारा. देणाऱ्याचं नाव छापा. पैशात वाटा द्या. उच्चार क्री बोलणाऱ्याकडून शिका. आणि ते ‘नको’ म्हणाले, तर गाऊ नका. कार्यक्रमाला दुसरी गाणी हजार मिळतील.

ज्यांच्या लेकरांच्या तोंडची भाषा काढून घेतली, त्यांची अंगाई तरी न विचारता उचलू नका.