विश्लेषण: दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, तरी ऑफिस ठप्प का होतं?

एका कंपनीचं नेट गेलं तर दुसरीचं चालेल, या हिशेबाने दवाखान्यांपासून कॉल सेंटरपर्यंत अनेक जण आज दोन कनेक्शन घेतात. देशातल्या सर्वात मोठ्या शेअर बाजाराकडेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन होत्या. तरीही २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथले व्यवहार सुमारे चार तास बंद राहिले.

दोन कनेक्शन, दोन बिलं आणि तरीही अंधार. हे कसं होतं? खरा बॅकअप म्हणजे काय? आणि छोट्या व्यावसायिकाने काय पाहायला हवं?

एनएसईमध्ये त्या दिवशी काय घडलं?

राष्ट्रीय शेअर बाजार म्हणजेच एनएसईमध्ये त्या दिवशी सकाळी ११.४० च्या सुमारास व्यवहार थांबवण्यात आले. दुसऱ्याच दिवशी फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या मासिक सौद्यांची मुदत संपणार होती. त्यामुळे गुंतवणूकदारांचा जीव टांगणीला लागला. एनएसई सुरू होईल की नाही हे कळत नसल्यामुळे काही ब्रोकर्सनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे बीएसईवर बंद केले. त्यानंतर एनएसई दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाला आणि संध्याकाळी ५ पर्यंत चालला. ज्यांचे सौदे आधीच तोट्यात बंद झाले होते, त्यांना मात्र याचा उपयोग नव्हता.

एनएसईच्या स्पष्टीकरणानुसार, मूळ केंद्र आणि मुंबईतलंच जवळचं पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या लाइन दोन टेलिकॉम कंपन्यांकडून घेतल्या होत्या. या मार्गावर सुरू असलेल्या खोदकाम आणि बांधकामामुळे दोन्ही कंपन्यांच्या लाइनमध्ये बिघाड झाला.

इथवरही गोष्ट सावरता आली असती. लाइन तुटल्या तरी मूळ केंद्रातला डेटा साठवणारी यंत्रणा चालू राहील, असं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात ती सर्व्हरना मिळेनाशी झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेली जोखीम व्यवस्थापनाची यंत्रणा बंद पडली. कोणत्या सौद्यात किती जोखीम आहे, हे कळत नसताना बाजार चालू ठेवणं शक्य नव्हतं. एनएसईचं चेन्नईतही पर्यायी केंद्र होतं. कामकाज तिकडे का हलवलं नाही, याचा खुलासा सेबीने मागितला.

दोन कंपन्यांच्या लाइन एकाच वेळी कशा तुटतात?

कारण कंपन्या दोन असल्या तरी रस्ता बहुतेक वेळा एकच असतो.

फायबर टाकायचं तर महापालिकेची परवानगी लागते, खोदाईचे पैसे भरावे लागतात. त्यामुळे अनेक कंपन्या एकाच फुटपाथखालून, कधी एकाच पाइपमधून केबल नेतात. काही वेळा एक कंपनी दुसरीचंच फायबर भाड्याने घेते. गल्लीबोळात तर बिल एका ब्रँडचं येतं, पण खांबावरून येणारी वायर स्थानिक केबलवाल्याची असते. तोच केबलवाला दुसऱ्या ब्रँडचंही कनेक्शन देत असतो.

इमारतीत शिरल्यावरही तेच. दोन्ही केबल एकाच डक्टमधून वर येतात, एकाच कपाटात बसतात. दोन्ही बॉक्स एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावलेले असतात. त्या बोर्डाचा फ्यूज उडाला की दोन्ही कंपन्या एकदम 'डाउन'.

मोबाइल डेटाचा बॅकअपही दरवेळी वेगळा असतोच असं नाही. जवळचा टॉवर पुढे फायबरनेच जोडलेला असतो. जेसीबीने तेच फायबर तोडलं, तर फोनवर नेटवर्कच्या काड्या दिसतात, पण पेज उघडत नाही.

गणित काय सांगतं?

समजा, एक लाइन वर्षातला ९९.५ टक्के वेळ चालू असते. ऐकायला छान वाटतं. पण उरलेला अर्धा टक्का म्हणजे वर्षाला जवळपास ४४ तास. आता तशाच दोन लाइन घेतल्या आणि त्यांचा एकमेकींशी काहीच संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षाला साधारण १३ मिनिटांवर येतो.

४४ तासांवरून १३ मिनिटं! बॅकअपची सगळी जादू इथे आहे. पण ती 'एकमेकींशी संबंध नसेल' या अटीवर टिकून आहे. दोन्ही लाइन एकाच खड्ड्यातून जात असतील, तर तो खड्डा खोदणाऱ्याच्या दृष्टीने ती एकच लाइन आहे.

रस्ते वेगळे ठेवले की काम झालं का?

नाही. केबल शाबूत राहूनही सगळं बंद पडू शकतं, हे कॅनडाने अनुभवलं.

८ जुलै २०२२ रोजी तिथल्या रॉजर्स या बड्या टेलिकॉम कंपनीने आपल्या मुख्य नेटवर्कमध्ये नियोजित बदल करायला घेतले. त्यात राउटरवरची एक गाळणी काढली गेली. ही गाळणी पुढे जाणारी मार्गांची माहिती आटोक्यात ठेवत होती. ती निघताच माहितीचा लोंढा मुख्य राउटरवर आदळला आणि ते कोलमडले. मोबाइल आणि घरचं इंटरनेट, दोन्ही एकाच मुख्य नेटवर्कवर चालत होतं. त्यामुळे १.२ कोटींहून जास्त ग्राहकांची सेवा गेली. बिघाड सुमारे २६ तास चालला. अनेकांना ९११ या आपत्कालीन क्रमांकावरही फोन करता येईना.

सर्वात मोठा धक्का बसला इंटरॅकला. कॅनडातले डेबिट कार्डाचे व्यवहार ज्या यंत्रणेवर चालतात, ती ही. ती रॉजर्सवर अवलंबून असल्यामुळे देशभर दुकानांत डेबिट कार्ड चालेना. ज्या दुकानदाराने रॉजर्सची सेवा घेतलीच नव्हती, त्याच्याही गल्ल्यावर परिणाम झाला. खुद्द रॉजर्सच्या इंजिनिअरनाही आपल्या यंत्रणेपर्यंत पोहोचता येत नव्हतं, कारण तो मार्गही त्याच नेटवर्कमधून जात होता.

यानंतर इंटरॅकने आणखी एक पुरवठादार घेण्याचं जाहीर केलं. रॉजर्सने मोबाइल आणि वायरलाइनची मुख्य नेटवर्क वेगळी करण्याचा निर्णय घेतला.

मुंबईत कंपन्या दोन होत्या, मार्ग घात करून गेला. कॅनडात मार्ग ठीक होते, कंपनी एकच होती.

मग बॅकअप कसा असावा?

* मार्ग: दोन्ही केबल वेगवेगळ्या रस्त्यांनी आणि शक्य असेल तर इमारतीच्या दोन वेगळ्या बाजूंनी आत याव्यात. लीज्ड लाइन घेणारे ग्राहक कंपनीकडे मार्गाचा नकाशा मागू शकतात. गूगल अर्थवर उघडणाऱ्या केएमझेड फाइलमध्ये दोन्ही मार्ग एकावर एक ठेवून पाहिले की ते कुठे एकत्र येतात हे दिसतं. देखभालीच्या कामात कंपन्या मार्ग बदलतात, म्हणून ही तपासणी दरवर्षी हवी.
* माध्यम: एक फायबर आणि दुसरं वायरलेस ही जोडी जास्त भरवशाची. जेसीबी केबल तोडतो, हवेतले सिग्नल तोडू शकत नाही. फक्त टॉवर कशावर जोडलाय, हे विचारून घ्यायला हवं.
* उपकरण: दोन लाइन एकाच राउटरमध्ये शिरत असतील, तर तो राउटर बिघडला की दोन्ही गेल्या. मोठ्या ऑफिसांत राउटरही दोन लागतात.
* वीज: दोन्ही बॉक्स वेगवेगळ्या यूपीएसवर असावेत.
* आपोआप बदल: पहिली लाइन पडली की राउटरने स्वतः दुसरी पकडायला हवी. अनेक ठिकाणी इथेच गडबड होते. समोरच्या बॉक्सचा दिवा हिरवा असतो, म्हणून राउटर लाइन चालू समजतो. प्रत्यक्षात पुढे चौकात केबल तुटलेली असते. त्यामुळे राउटरने दूरच्या एखाद्या सर्व्हरला सतत विचारून खात्री करावी, असं सेटिंग लागतं.
* क्षमता आणि पत्ता: दोन्ही लाइन रोज ८० टक्के भरलेल्या असतील, तर एक पडल्यावर दुसरी सगळा भार उचलणार नाही. शिवाय लाइन बदलली की आयपी पत्ताही बदलतो. बँकेच्या किंवा मोठ्या ग्राहकाच्या यंत्रणेत फक्त पहिल्या लाइनचा पत्ता नोंदवला असेल, तर नेट चालू असूनही लॉगिन होत नाही.

छोट्या दुकानदाराला हे परवडेल?

क्लिनिक, सीएचं ऑफिस किंवा किराणा दुकान यांना लीज्ड लाइनची गरज नसते. दोन लाइन लावता येतील असा राउटर, एक फायबर कनेक्शन, दुसऱ्याच कंपनीचं ४जी किंवा ५जी सिम आणि छोटा यूपीएस एवढ्यात बरंच भागतं. यूपीआयचा साउंडबॉक्स स्वतःच्या सिमवर चालतो, म्हणून दुकानाचं वायफाय गेलं तरी तो बोलत राहतो. तत्त्व तेच आहे.

किती खर्च करायचा, हे एका प्रश्नावर ठरवता येतं: नेट एक तास बंद राहिलं तर किती रुपयांचं नुकसान होतं? ज्याचं काम तासभर थांबू शकतं, त्याला फोनचा हॉटस्पॉट पुरे. ज्या हॉस्पिटलचे रिपोर्ट ऑनलाइन येतात, त्याचं उत्तर वेगळं असेल.

सरकार आणि नियामकांनी काय केलं?

सेबीने मार्च २०२१ मध्ये नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर बाजाराने ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत कामकाज पुन्हा उभं करायचं. २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने या प्रकरणात एकूण ७२.६४ कोटी रुपये भरून सेबीशी तडजोड केली. एक बाजार बंद पडल्यास दुसऱ्याने पर्याय म्हणून उभं राहावं, अशी एनएसई आणि बीएसईसाठीची व्यवस्था एप्रिल २०२५ पासून लागू झाली.

खोदकामाचा प्रश्न मात्र देशभरचा आहे. सरकारच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी सुमारे १० लाख ठिकाणी फायबर तुटतं आणि त्यातून साधारण ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आणलं गेलं. खोदणाऱ्याने आधी अ‍ॅपवर कळवायचं आणि जमिनीखाली ज्यांच्या केबल, पाइप आहेत त्यांना सूचना जायची, अशी ही सोय आहे. तिचा फायदा कंत्राटदार ती किती वापरतात यावर अवलंबून आहे.

आजच काय करता येईल?

सुट्टीच्या दिवशी किंवा काम संपल्यावर मुख्य लाइनची केबल काढून पाहा. दुसरी लाइन किती वेळात सुरू होते? बिलिंग, फोन, कार्ड मशीन, सीसीटीव्ही यातलं काय चालतं, काय अडकतं? मग दुसरी लाइन काढून तीच तपासणी करा. त्यानंतर दोन्ही कंपन्यांना एकच प्रश्न विचारा: तुमची केबल आमच्या इमारतीपर्यंत कोणत्या रस्त्याने येते?

दोन्हीकडून एकाच रस्त्याचं नाव आलं, तर तुम्ही बिलं दोन भरताय, पण बॅकअप अजून घ्यायचाय.