पाण्याखालचे गाव

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण हे गाव आहे. हिवाळा आला की तेथील विस्तीर्ण जलाशयाच्या काठी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. दूरदूरचे प्रवासी मच्छीमारांच्या होड्यांत बसून ती शोभा पाहतात, छायाचित्रे घेतात आणि आनंदाने परततात. त्या चित्रांत पक्षी असतात, पाणी असते. पाण्याखालचे गाव मात्र नसते.

हा जलाशय निसर्गाने निर्माण केलेला नव्हे. भीमा नदीवर उजनी येथे बांधलेले धरण १९८० साली पुरे झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या या जलाशयास यशवंतसागर असे नाव मिळाले. नदीकाठची गावे उठली. मळे, पाणवठे आणि देवळे बुडाली. त्याच पाण्यावर पुढे उसाचे फड उभे राहिले आणि मासेमारीचा धंदा वाढला. अशा पाण्याशी माणसाचे नाते कोणते म्हणावे? अभियंता पाण्याचे माप सांगेल. नाते सांगण्याचे काम लोकांच्या कलेचे आहे.

हे काम आपल्या खेड्यांनी पूर्वी उत्तम केले आहे. बारामती-इंदापूरचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे रब्बीच्या ज्वारीला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाचा मोठा आधार. त्याच सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात असतो, आणि मुली पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरून हादग्याची गाणी म्हणतात. पाऊस दडी मारून बसला, तर मुले कमरेला कडुनिंबाचा पाला बांधून धोंडी मागत घरोघर फिरतात, आणि बायका घरातल्या तुटपुंज्या साठ्यातून त्यांच्या अंगावर तांब्याभर पाणी ओततात. धोंडीने पाऊस पडत नाही, हे शाळेत जाणाऱ्या मुलास कळते. तेवढ्यावरून ती प्रथा खुळचट ठरविणे मात्र घाईचे होईल. टंचाईच्या दिवसांत प्रत्येक घराने थोडे पाणी सर्वांसाठी काढावयाचे, ही त्या खेळाची खरी बाजू आहे. जात्यावरच्या ओव्यांतही नदी आहे, विहीर आहे, डोईवरची घागर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडी फिरून टिपल्या. नाहीतर जात्यांबरोबर त्याही मुक्या झाल्या असत्या.

परंतु जुन्या ओवीला ठाऊक असलेली नदी पूर येऊन ओसरणारी होती. उंबऱ्यापर्यंत चढून तेथेच राहिलेले पाणी तिने पाहिले नव्हते. त्या पाण्याचे गाणे आणि चित्र नव्याने घडले पाहिजे, आणि ते काठावरच्या लोकांनीच घडविले पाहिजे. बाहेरचा कुशल चित्रकार पक्षी सुरेख रंगवील. पण बुडालेल्या चावडीसमोर कोणते झाड होते, हे त्यास कसे कळणार?

इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ या जलाशयात बुडालेले आहे. उन्हाळ्यात पाणी फार आटले म्हणजे ते उघडे पडते, आणि माणसे ते पाहावयास गर्दी करतात. अशा वेळी नुसते देऊळ पाहून परतण्यापेक्षा वृद्धांनी पुढे व्हावे, मुलांनी हाती फक्की घ्यावी, आणि कोरड्या गाळावर जुन्या गावाच्या गल्ल्या आखाव्यात: येथे वेस, येथे पाणवठा, येथे कुंभाराची भट्टी. दोन वृद्धांचे एखाद्या भिंतीवरून भांडण जुंपेल, तर जुंपू द्यावे. त्यातूनच रेघ नीट सरळ होईल.

पहिल्या पुराबरोबर फक्की वाहून जाईल, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. हादग्याचा हत्तीही पाटावरून पुसला जातो. पुढल्या वर्षी मुली तो पुन्हा काढतात, कारण तो कसा काढावयाचा हे त्यांच्या हातांस ठाऊक असते. जुने गाव डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत, आणि पाणी काही दर उन्हाळ्यात इतके खाली जात नाही.