रानातील मुक्काम

रानात राहुटी ठोकावयास सपाट जागा व जवळ पाणी असले की पुरे, असे आपणांस वाटते. अभयारण्यात विचारावयास वनखात्याची चौकी असते. परंतु पेडणे व डिचोली तालुक्यांत एकही अभयारण्य नाही. तेथील झाडी कोठे कुळागर, कोठे काजूची बाग, तर कोठे देवराई असते. निर्जन जागेलाही धनी असतो, मनुष्य वा देव. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचे शिबिर भरविले, तेही बेटाच्या मालकाच्या अनुमतीने. म्हणून आधी गावातील वडीलधाऱ्यांस भेटावे. पावसात ओहोळ कोठवर चढतो, कोणत्या राईत चूल पेटवू नये, हे तेच सांगतील. निघताना निखारे विझवावे, जागा झाडावी. विचारून राहिलेल्या पाहुण्यास गाव पुन्हा बोलावते.